सरकारी फॉर्म भरा, पण आधी हातात ट्रेड घ्या

सोलापुरात बारावी झालेल्या मुलाला ‘पुढं काय?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, ‘भरतीची तयारी.’ पोलीस, तलाठी, रेल्वे की बँक, ते नंतर ठरतं. पार्क चौकातल्या वाचनालयापासून पूर्व भागातल्या भाड्याच्या अभ्यासिकांपर्यंत कुठंही जा, हीच पोरं भेटतात. ‘यांना कष्ट नकोत म्हणून सरकारी नोकरी हवी’ असं मोठी माणसं म्हणतात ना, तेव्हा मला राग येतो. या पोरांचे आईवडील कुठं राबलेत हे ज्यानं पाहिलंय, तो असं म्हणणार नाही.

मी पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. आजोबा गिरणीत होते, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, काही वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि आता महावितरणमध्ये तंत्रज्ञ आहे. दोन्हीकडं काम केलंय, म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितेय.

कायमची नोकरी म्हणजे काय, हे सोलापूरला आधी गिरण्यांनी दाखवलं. 1870च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर शहर उठायचं. आजोबांना ठरलेल्या तारखेला पगार मिळायचा. प्रॉव्हिडंट फंड होता, बोनस होता, पाळी आठ तासांची होती, आणि अन्याय झाला तर बोलायला युनियन होती. पुढं 1960च्या दशकात जुनी मिल बंद पडली आणि शतक संपता संपता बाकीच्या मोठ्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या. काम मात्र शहरातून गेलं नाही. चादर, टॉवेल विणले जातच राहिले, पण छोट्या छोट्या शेडमध्ये. तिथं बारा तासांची पाळी आली, मजुरी नगावर मोजली जाऊ लागली. वडिलांनी उभी हयात माग चालवला, तरी दाखवायला त्यांच्याकडं पगाराची एक स्लिप नाही. आईची गोष्ट जरा वेगळी. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदे झाले, म्हणून तिच्याकडं निदान ओळखपत्र आहे आणि त्या ओळखपत्रावर मला शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. मजुरी मात्र आजही हजार विड्यांच्या हिशेबानं, आणि तपासणीत खराब ठरलेल्या विड्या त्यातून वजा.

म्हणून मला वाटतं, पोरांना हवी असते ती आजोबांच्या गिरणीतली नोकरी. ती आता जवळपास फक्त सरकारातच उरली आहे, एवढंच.

माझं काम असं आहे की शहरातला कारखाना कसा चाललाय ते मला मीटरवर दिसतं. पूर्वी दोन्ही पाळ्यांत फिरणारं मीटर एका पाळीवर येतं, मग थकबाकी साठते, मग कनेक्शन तात्पुरतं तोडलं जातं आणि शेवटी कायमचं. मालकांशी बोललं की तीच कारणं कानावर पडतात. सुताचे भाव स्थिर नाहीत, वीज महाग आहे. राज्यानं 2024मध्ये 27 अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना युनिटमागं 1 रुपया आणि त्यावरच्यांना 75 पैसे जादा सवलत द्यायचं ठरवलं, तेवढ्यानं तोल सावरत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण बाहेरच्या बाजारात पानिपतचा स्वस्त माल सोलापुरीच्याच नावावर विकला जातो. जुन्या मागाच्या जागी रॅपिअर माग, म्हणजे बिनधोट्याचा वेगवान माग, घ्यायला भांडवल लागतं आणि तो आला की माणसं कमी लागतात. आणि पोरं आता मागावर यायला तयार नाहीत, ती पुण्याच्या गाडीत बसतात.

देशाचं चित्रही याला धरूनच आहे. देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा 2022पर्यंत 25 टक्क्यांवर नेऊ, असं 2011च्या राष्ट्रीय धोरणात म्हटलं होतं. तो 16-17 टक्क्यांच्या आसपासच राहिला. काम करणाऱ्यांमध्ये शेतीवर असलेल्यांचं प्रमाण 2018-19मध्ये 42.5 टक्के होतं, ते 2023-24मध्ये 46.1 टक्क्यांवर गेलं. कारखान्यात जागा नाही म्हणून माणूस परत शेताकडं वळला, असं माझ्यासारखी त्याचा अर्थ लावते. आपल्याकडं तर शेतीही कोरडवाहू.

आता दुसरी बाजू पाहा. रेल्वेनं 2019मध्ये लेव्हल 1च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, 1,03,769 जागा काढल्या, अर्ज आले एक कोटीच्या वर. राज्यात 2024च्या पोलीस भरतीत 17,471 जागांना 17 लाखांहून जास्त अर्ज होते. म्हणजे एका जागेमागं साधारण शंभर जण. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. घाबरण्यासाठी नाही, वर्षांचा हिशेब नीट बसवण्यासाठी. शंभरातले नव्व्याण्णव जण काही आळशी नव्हते. त्यांनीही पहाटे मैदानावर 1600 मीटर मारलेत, गोळा फेकलाय, रात्री मराठी व्याकरण घोकलंय. ते बाहेर पडतात तेव्हा वय सत्तावीस-अठ्ठावीस झालेलं असतं आणि हातात असते बीए किंवा बीकॉमची पदवी. माझ्या गल्लीतली हुशार पोरं मी अशी बसलेली पाहिली आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

माझं म्हणणं एवढंच की तयारी करा, पण अशा कामाच्या आधारानं करा जे दोन्ही दारांत चालेल. आयटीआयचा ट्रेड, म्हणजे तिथं शिकलेलं हातातलं कसब, तसा चालतो. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. त्यानंतर 1961च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप करता येते, त्या काळात विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा पास झालात की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. या प्रमाणपत्राची किंमत पोरांना ठाऊक नसते. रेल्वेच्या लेव्हल 1 भरतीत 20 टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांमध्ये अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. आपलं सोलापूर मध्य रेल्वेच्या विभागाचं ठिकाण आहे आणि कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना आहे, तेव्हा ती जाहिरात आली की सोडू नका. आणि सरकारी जागा नाहीच मिळाली, तरी त्याच प्रमाणपत्रावर चिंचोळी एमआयडीसीत, साखर कारखान्यात किंवा पुण्यात चाकणला काम मिळतं.

मी कारखान्यात शिकले ते मला आजही पोसतंय. पॅनेल उघडून बिघाड शोधणं, मोटर रिवाइंडिंगला पाठवायची की बेअरिंग बदलून भागेल हे आवाजावरून ओळखणं, पाळी संपत आली असताना माग बंद पडला तर डोकं शांत ठेवणं. परीक्षेच्या तांत्रिक पेपरातले निम्मे प्रश्न मला पुस्तकातले वाटलेच नाहीत, कामातलेच वाटले. मुलगी म्हणून सुरुवातीला मला शिडीवर चढू देत नव्हते, मी मागणी करून करून चढले. मुलींनो, ही मागणी पहिल्याच आठवड्यात करा. नंतर कोणी देत नाही.

कारखान्यात लागताना पगाराआधी चार गोष्टी विचारा. नेमणुकीचं पत्र मिळणार का? प्रॉव्हिडंट फंड कापणार का? ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे का? जादा कामाचा दर काय? वीस किंवा जास्त माणसं असतील तिथं फंड लागू होतो, दहा असतील तर ईएसआय. कागदावर माणसं कमी दाखवायची म्हणून एकाच छपराखाली दोन नावांनी हजेरी लागते, हे मी स्वतः पाहिलंय. तुमचा यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा नंबर, मागून घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी मोबाइलवर पासबुक उघडून बघा, भरणा झालाय का. जिथं हे सगळं नीट आहे असे कारखाने सोलापुरात आहेत, विशेषतः परदेशात माल पाठवणारे, कारण त्यांचे गिऱ्हाईक तपासणीला येतात. पगार हजार-दोन हजारानं कमी असला तरी मी असाच कारखाना निवडेन.

सरकारी म्हणजे सगळं एकसारखं, हाही समज काढून टाका. राज्य शासनात 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठीच मार्च 2023मध्ये राज्यभर संप झाला. महावितरण ही शासनाची कंपनी आहे, शासनाचा विभाग नाही, त्यामुळं तिचे नियम वेगळे. मी जिथून आत आले ते विद्युत सहाय्यक पद आधी तीन वर्षं कंत्राटी असतं. 2023च्या जाहिरातीत अशा 5,347 जागा होत्या. पहिल्या वर्षी महिना 15,000, मग 16,000, मग 17,000, आणि त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित. वयाची अट खुल्या प्रवर्गाला 27, मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. पोलिसाला खुल्या प्रवर्गात 28, राज्याच्या बऱ्याच पदांना 38. ही वयं तुमच्या जन्मतारखेशी जुळवून कोणती परीक्षा आधी द्यायची ते ठरवा. सत्तावीस-अठ्ठावीसचं दार आधी बंद होतं, अडतीसचं थांबतं. जाहिरात येण्यापासून नेमणूक होईपर्यंत दोन-दोन वर्षं जातात, कोर्टात अडकलं तर आणखी. तेवढा काळ घरात बसून काढू नका.

कागदपत्रांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण पूर्व भागातली पोरं इथंच अडकतात. आपल्यातले कित्येक जण तेलंगणातून आलेल्या घरांतले. विशेष मागास प्रवर्गाचा किंवा ओबीसीचा दाखला आणि त्याची वैधता (जात पडताळणी) हवी असेल तर 13 ऑक्टोबर 1967च्या आधीपासून घराणं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. निकाल लागल्यावर तो शोधायला निघालात तर वेळ पुरत नाही. आजोबांचा महापालिकेच्या शाळेतला दाखला काढा, त्यावर जात लिहिलेली असते. शाळेच्या जुन्या नोंदवहीतला उतारा मागा. गिरणीचं नोकरीचं पुस्तक, हजेरीचं तिकीट, जुनं भाडेपत्र, घरपट्टीची पावती, जे मिळेल ते जपा. माझ्या वैधतेच्या फाईलमध्ये वास्तव्याचा सगळ्यात भक्कम कागद आजोबांचा गिरणीतला होता. नॉन क्रिमिलेअर कोणत्या तारखेचं चालेल हे जाहिरातीत दिलेलं असतं, ते ओळ न ओळ वाचा.

क्लासबद्दल फार बोलत नाही. पोलीस भरतीला आधी मैदान असतं 50 गुणांचं, त्यात निम्मे मिळाले नाहीत तर लेखीला बसताच येत नाही. म्हणून पैसे क्लासवर घालण्याआधी चांगले बूट घ्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. कोणी ‘सेटिंग’ लावून देतो म्हणाला तर तिथून उठा. 2024पासून राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी वेगळा कायदा आहे, आणि आईचे विड्यांवर साठवलेले पैसे असल्या माणसाच्या हातात जाताना मला बघवत नाही.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत, तरी इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुली अजून थोड्याच दिसतात. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये एकदा जाऊन या, वर्कशॉप आतून बघा, शिकवणाऱ्यांना विचारा की मागच्या बॅचची मुलं कुठं लागली. पसंतीक्रम भरताना आधी ट्रेड बघा, मग संस्था. घरापासून लांबची मिळाली तरी ट्रेड हवा तोच घ्या, एसटीचा पास निघतो.