जुनं दुखणं असलेला घोडा घेतलाय? इन्शुरन्स असा काढा

व्हेटची (जनावरांच्या डॉक्टरची) तपासणी झालीये, घोड्याच्या ओळखीच्या चिपचा नंबर आणि खरेदीची पावती हाताशी आहे, असं धरून चालतो.

कव्हर कशाकशाचं हवं ते ठरवा: घोडा दगावला तर, उपचारांचा खर्च, कायमचा निकामी झाला तर, आणि त्याने कुणाला लाथ घातली तर. शेवटचं सोडू नका. रक्कम पावतीवर आहे तेवढीच लावा, फुगवून प्रीमियम तेवढा वाढतो.

आता खरी भानगड, जुनी हिस्ट्री. "काही सांगूच नका, कुणाला कळतंय" म्हणणारे शहाणे तबेल्यात हमखास भेटतात, त्यांचं ऐकू नका. मोठा क्लेम टाकला की कंपनी व्हेटचे जुने केसपेपर मागते, आधीच्या मालकाच्या वेळचेसुद्धा, आणि लपवलेलं सापडलं तर नुसता क्लेम नाही, अख्खी पॉलिसी जाऊ शकते.

पण मी काही लपवलं नव्हतं तरी फसलो! फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं, 'मागे कधीतरी पुढच्या पायाने लंगडत होती, आता बरी आहे.' पॉलिसी हातात आली तर त्यात एक ओळ: पुढच्या दोन्ही पायांचं कुठलंही दुखणं वगळलं आहे. दोन्ही पाय, खुरापासून खांद्यापर्यंत! आणि घोडीला झालं होतं काय, तर डाव्या खुरात पू, नालबंदाने भोक पाडून निचरा केला आणि आठवड्यात टुणटुणीत. माझ्या त्या 'कधीतरी'मुळे कंपनीने सगळ्यात वाईट तेच धरलं. मोघम लिहिलेलं किरकोळ दुखणं असं महागात पडतं.

म्हणून व्हेटकडून लेखी घ्या: कोणता पाय, निदान काय, तारीख, उपचार, कामाला परत कधी लागला, नंतर पुन्हा दुखलं का. जुना व्हेट हे आधीच्या मालकाच्या परवानगीशिवाय सहसा देत नाही, त्यामुळे ती परवानगी पैसे द्यायच्या आधी सही करून घ्या, एकदा पैसे पोचले की विकणारा फोन उचलत नाही, अनुभव आहे.

मग प्रीमियम भरायच्या आधी वगळलेल्या गोष्टींची नेमकी वाक्यं ईमेलवर मागवा आणि एकेका शब्दावर भांडा. 'पाय' नको, 'डाव्या खुरातला पू' लिहा म्हणावं. टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) किंवा सांध्याच्या झिजेवर फार ताणू नका, दुसऱ्या बाजूच्या पायालाही तेच व्हायची शक्यता असते म्हणून जोडीच वगळतात. सार्कॉइडच्या (कातडीवरच्या) गाठी असतील तर भांडायचा नादच सोडा. पोटशूळ मात्र जुना असेल, मध्ये बराच काळ काही झालं नसेल, तर विचारून बघा. आणि वगळलेलं कायमचंच असतं असंही नाही, वर्षभर त्रास झाला नाही तर व्हेटचं पत्र जोडून फेरविचार मागा. माझी ती ओळ अशीच बदलून मिळाली.

आजारपणाचं कव्हर बऱ्याचदा पहिले 14 दिवस लागू नसतं, पॉलिसीत बघून घ्या.

स्वस्तात मिळतंय म्हणून कंपनी बदलताना दहादा विचार करा, मधल्या काळात जे दुखलं ते नव्या कंपनीच्या लेखी जुनंच. आणि दयामरण द्यायची वेळ आलीच तर आधी कंपनीला फोन करा. घोडा तडफडत असेल तर अर्थातच थांबू नका, पण का थांबता आलं नाही ते व्हेटकडून त्याच दिवशी लिहून घ्या.