मोठ्या पावसाआधी युरिया टाकू नका: खाली ओढ्यात काय होतं ते बघा

पिकानं डोकं वर काढलं की नत्राचा हप्ता द्यायची घाई होते, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. पावसाआधी टाकलं की खत मुरतं, हे अर्धंच खरं आहे. हलक्या सरीत मुरतं, धो-धो पावसात वाहून जातं. युरियात 46 टक्के नत्र असतं आणि तो पाण्यात लगेच विरघळतो. त्यामुळे येत्या दोन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर पोतं फोडूच नका.

यात पैसा जातो हे सगळ्यांना कळतं. गेलेलं खत ओढ्यात काय करतं, हे मात्र बघितलं जात नाही. पाणी निवळलं की वाहत्या धारेतला एखादा दगड उलटा करा. खालच्या बाजूला शेपटीला तीन बारीक धागे असलेल्या चपट्या अळ्या पळताना दिसल्या, वाळूचे कण चिकटवून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या नळ्या दिसल्या, तर पाणी बरं आहे. दगडावर शेवाळाचा जाड थर आणि तळाच्या काळ्या गाळात फक्त लाल वळवळणाऱ्या अळ्या असतील, तर वरून खत नाहीतर सांडपाणी येतंय. या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही त्या तग धरतात.

प्राणवायू घटतो तो शेवाळामुळे. नत्र-स्फुरद मिळालं की ते माजतं. दिवसा प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी पाणी ठीक वाटतं. रात्री मात्र तेच प्राणवायू ओढून घेतं आणि पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो. शेवाळ मेलं की ते कुजवणारे जिवाणू राहिलेलाही संपवतात. प्राणवायू लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की पळता येणारे जीव पळतात, तळाला बसलेले शिंपले मरतात. शिंपल्यांना युरियापासून होणारा अमोनियाही सोसत नाही, आणि पाणी जितकं कोमट व विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) तितका तो जास्त विषारी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं 2013 मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाचे निकष कडक केले, त्यामागे शिंपले आणि गोगलगायींवरच्या चाचण्या होत्या.

खरी गोम पुढेच आहे. अशा पाण्यात किड्यांची संख्या घटतेच असं नाही, घटतात त्या जाती. उरतात त्या नेमक्या नको असलेल्या. कुजक्या पाण्यात क्यूलेक्स डास जोमानं वाढतात. शेवाळावर गोगलगायी पोसतात, आणि त्यांच्यातल्या काही जाती जनावरांच्या पर्णकृमींचं (पानासारख्या चपट्या जंतांचं) घर असतात.

शिवारातही तेच. नत्र जास्त झालं की पीक लुसलुशीत होतं, मग मावा येतो, भातावर तुडतुडे येतात. बांधावर गवत माजून फुलझाडं दबतात आणि मधमाश्यांचं खाद्य जातं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून एका गवताळ रानावर खतांचा प्रयोग चालू आहे. तिथे वर्षानुवर्षं चुना न देता अमोनियम सल्फेट टाकलेली जमीन इतकी आंबट झाली की गांडुळं नाहीशी झाली आणि न कुजलेल्या गवताचा थर वर साचत राहिला.

तेव्हा नत्र एकदम न देता पिकाच्या वाढीप्रमाणे विभागून द्या, आणि शक्य तिथे मातीआड करा. नुसता वरून फेकलेला युरिया थोडा हवेतही उडतो. स्फुरदाची गोष्ट वेगळी. ते मातीच्या कणांना चिकटून जातं, त्यामुळे माती थांबली की तेही बऱ्यापैकी थांबतं. ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा राखा, उताराला आडवी नांगरट करा. पट्ट्यात खत टाकू नका; कडेला फेकलेली मूठ थेट पाण्यात जाते. निचऱ्याचा चर पट्ट्याखालून ओढ्यात उघडत असेल तर नायट्रेट (पाण्याबरोबर वाहणारं नत्राचं रूप) त्यातून सुटेल, म्हणून तिथे हप्ता लहानच ठेवा. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं तर या हंगामात डीएपी हे स्फुरदाचं खत वगळा.

शेणखत सेंद्रिय आहे म्हणून निर्धोक समजू नका. उकिरड्यातून झिरपलेलं काळं पाणी ओढ्याला तितकंच जड जातं. ढीग उंचवट्यावर, पाण्यापासून लांब लावा आणि जोराचा पाऊस लागायच्या आत झाकून घ्या.