अंजनेरीला जाताय? मग एवढं बघून घ्या

नाशिकहून त्र्यंबक रोडने साधारण 20 किमी, एसटीने गेलात तर अंजनेरी फाट्यावर उतरा. सकाळी लवकर निघा हां, गड 4200 फुटांच्या आसपास आहे, पायऱ्या चढून पठारावर अंजनी मातेच्या मंदिरापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. खायचं हातात धरू नका, माकडं हिसकावतातच. कड्याच्या टोकाला सेल्फी अजिबात नको, पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि धुक्यात कडा कुठे संपतो तेच कळत नाही. कपारींत गिधाडं घरटी करतात, म्हणून आरडाओरडा नको, स्पीकर तर नाहीच (तरी आणतात लोक!), दुर्बीण असेल तर घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात पठार फुलतं तेव्हा पायवाट सोडू नका, सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प इथलंच, गवतात पटकन दिसतही नाही.