जोडीदार समुपदेशनाला येत नसेल, तर एकट्याने कसं जावं

"घरातलं बाहेरच्या माणसाला कशाला सांगायचं?" किंवा "मी काय वेडा आहे?" बहुतेक घरांत विषय इथेच संपतो, आणि ज्याला जायचं असतं तो वाट बघत वर्षं काढतो. वाट बघू नका. भांडण दोघांचं असलं तरी त्यातली निम्मी वाक्यं तुमच्या तोंडची असतात, आणि ती बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला जोडीदाराची भीती वाटते का? मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. महिलांसाठी 181, तातडीच्या वेळी 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे, आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. अशा वेळी कुठे जाताय हे घरी सांगायची गरज नाही.

भीती नसेल तर मात्र लपूनछपून जाऊ नका. भांडण चालू नसताना, चहा पिता पिता सांगा: "मी गुरुवारी समुपदेशकाकडे जाणार आहे. तुझ्या तक्रारी करायला नाही. माझी सारखी चिडचिड होतेय, ती मला समजून घ्यायचीय. तुला यावंसं वाटलं तर ये." एवढंच, आणि एकदाच. सासूबाई किंवा मोठ्या दिरांकरवी निरोप धाडलात, तर नकार आणखी घट्ट होतो.

समुपदेशक निवडताना जोडप्यांसोबत काम केलेली व्यक्ती बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला संकोच नको. फी आणि गोपनीयतेसोबत फोनवरच विचारा: "पुढे जोडीदार यायला तयार झाला तर आम्हा दोघांना तुम्हीच घ्याल, की दुसऱ्यांकडे पाठवाल? आणि मी एकट्याने सांगितलेलं तेव्हा त्याच्यापुढे येईल का?" हे आधी ठरलेलं बरं. लगेच कुणी मिळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. सुरुवातीला तो पुरेसा आधार आहे.

आता खरं काम. पहिल्या भेटीआधी गेल्या आठवड्यातलं एकच भांडण कागदावर उतरवा. "तो कधीच मदत करत नाही" हा निकाल झाला, त्यावर काम करता येत नाही. असं लिहा: मंगळवारी रात्री साडेनऊला मी भांडी घासत होते, तो मोबाईल बघत होता, मी पातेलं आपटलं, तो गॅलरीत गेला, मी मागोमाग गेले, त्याने दार ओढून घेतलं. यातलं आपटणं आणि मागे जाणं तुमचं आहे. एक जण पाठलाग करतो, दुसरा माघार घेतो, आणि एकाचं वाढलं की दुसऱ्याचंही वाढतं. गप्प बसणारे तुम्ही असाल तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. समोरचा तिथे नसणार, त्यामुळे त्याची बाजू न्याय्यपणे मांडणं तुमच्याच हातात आहे. न भेटलेल्या माणसाला समुपदेशकाने दुसऱ्याच भेटीत आजाराचं लेबल लावलं, तर समुपदेशक बदला.

मग घरी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार आठवडे टिकवा. जोडप्यांवर दीर्घ काळ संशोधन केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की वादात छाती धडधडू लागली की ऐकून घेणंच जमत नाही, शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. म्हणून "मला अर्धा तास दे, दहाला बोलू" म्हणा आणि दहाला खरोखर या. न सांगता उठून गेलात तर ती माघारच ठरते.

"मॅडमसुद्धा म्हणाल्या, चूक तुझीच आहे" हे वाक्य घरी कधीही आणू नका. त्या एका वाक्याने जोडीदार तिथे कधीतरी येईल ही शक्यता संपते. "काय बोललात?" असं विचारलं तर स्वतःबद्दल कळलेलं सांगा.

सहा-आठ भेटींनंतर समुपदेशकासोबत बसून काय हललं ते बघा. काहीच हललं नसेल तर पुढच्या भेटी वेगळ्या प्रश्नावर घ्या: असंच राहायचं ठरलं तर मी कसं राहीन, आणि नाही राहायचं तर काय लागेल. आणि एखाद्या संध्याकाळी "मी येऊ का एकदा?" असं कानावर आलंच, तर लगेच दोघांची भेट ठरवू नका. तुमचं सहा-आठ वेळा ऐकून झालंय, पहिला तास त्याच्या एकट्यासाठी मागा.