गाळलेल्या दारूत पाणी घालताच ती दुधाळ का होते? या चुका टाळा

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याची परवानगी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा ठरतो आणि गोव्यातली फेणीही परवान्यावरच गाळली जाते. म्हणून हे लेखन परवानगी असलेल्या ठिकाणच्या लोकांसाठी आहे. त्यांच्यातल्या नवशिक्यांची तक्रार ठरलेली असते: ७५ टक्क्यांची जिन अगदी नितळ होती, पाणी घातलं आणि गढूळ झाली. त्यावर पहिला उपाय म्हणून कोळशाचा फिल्टर लावला जातो. कारण न शोधता कोळसा लावला की जुनिपरचा, म्हणजे जिनला तिची ओळख देणाऱ्या फळाचा, वासही निघून जातो आणि हाती बेचव दारू उरते.

आधी चाचणी करा. ५० मिलीचे तीन नमुने घ्या. पहिला ४० अंशांच्या गरम पाण्यात बाटलीसकट ठेवा. थेट आचेवर अजिबात नको. दुसऱ्यात ९५ टक्क्यांचं खाण्यायोग्य न्यूट्रल (वास-चव नसलेलं) अल्कोहोल ५-५ मिली घाला. तिसऱ्यात चिमूटभर सायट्रिक अॅसिड टाका. पहिले दोन नितळ झाले तर दोष तेलांचा किंवा फॅटी अॅसिडच्या एस्टरांचा (दारूत येणाऱ्या तेलासारख्या द्रव्यांचा). फक्त तिसरा नितळ झाला तर पाण्यातला चुना.

सगळ्यात जास्त बॅच बिघडतात त्या तापमानाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. अल्कोहोलमीटर (दारूतलं अल्कोहोल मोजणारं तरंगतं उपकरण) २० अंश सेल्सिअसला बरोबर आकडा दाखवतो. दारूत पाणी मिसळलं की मिश्रण स्वतःच गरम होतं, त्यात उन्हाळ्याची दुपार असेल तर ३० अंश सहज होतात. त्या तापमानाला मीटर खऱ्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतो. नेहमी घडतं ते असं: दोन लिटर ७५ टक्क्यांची जिन घेतली, घाईने पाणी ओतलं, लगेच मीटर बुडवला. आकडा ४२ दिसला, माणूस खूश. रात्री जिन थंड झाली आणि सकाळी पाहतो तर दुधाळ. कारण खरी तीव्रता ३८ होती. जुनिपर आणि संत्र्याच्या सालीतली तेलं ७५ टक्क्यांत सुखाने विरघळलेली असतात. अल्कोहोल कमी झालं की त्यांची जागा संपते, ती बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतात आणि ते थेंब प्रकाश विखुरतात.

अशी बॅच फेकायची नाही. या उदाहरणात साधारण ३.९५ लिटर जिन तयार झालेली असते. तिच्यात ९५ टक्क्यांचं सुमारे ३८० मिली न्यूट्रल अल्कोहोल घातलं की ती ४३ टक्क्यांवर येते आणि बहुतेक वेळा नितळ होते. तरीही धूसर राहिली तर तेलच जास्त आहे. मग १०० मिली नमुन्यात ४३ टक्क्यांचं न्यूट्रल १०-१० मिली घालत जा आणि नितळ झाली की तेच प्रमाण पूर्ण बॅचला लावा. पुढच्या वेळी लिटरमागे जुनिपर २० ग्रॅमच्या वर नेऊ नका, सालीचा पांढरा भाग टाळा आणि गाळताना शेवटची धार लवकर बंद करा. जड तेलं तिथेच येतात. दुप्पट मसाला घातला की जिन दुप्पट चांगली होते हा समज नवशिक्यांनी सोडावा.

पाणी घालायची चांगली सवय म्हणजे आधी हिशोब करणे. (दारूचे लिटर × सध्याचे टक्के) ÷ हवे असलेले टक्के, म्हणजे एकूण किती लिटर व्हायला हवे ते कळतं. दोन पदार्थ मिसळल्यावर घनफळ थोडं आकसतं, म्हणून शेवटचं थोडं पाणी मीटर पाहूनच घाला. ४५ टक्क्यांपर्यंत एकदा उतरवा, रात्रभर ठेवा, २० अंशांना मोजा आणि मग उरलेलं पाणी थोडं थोडं ढवळत घाला. दारूत पाणी घाला, उलट करू नका. एकदम पातळ झालेल्या जागी तेल बाहेर पडलं की परत विरघळायला वेळ घेतं.

पाणी कोणतं घालता हेही तितकंच महत्त्वाचं. बोअरवेलचं किंवा नळाचं जड पाणी चालत नाही. कॅल्शियमचे क्षार अल्कोहोलमध्ये आणखी कमी विरघळतात, म्हणून पांढरट ढग येतो आणि काही दिवसांत तळाशी बसतो. ‘मिनरल वॉटर’ची बाटली हा उपाय नाही, नावातच खनिजं आहेत. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. चुना पडलाच तर दोन आठवडे हलवू नका, वरचं नळीने काढून घ्या. गाळणीपेक्षा हाच मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

धान्याची किंवा गुळाची दारू गढूळ झाली आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर शेवटची धार मिसळली गेली आहे. गाळताना २००-२०० मिलीच्या बरण्या ठेवा आणि प्रत्येकीतल्या १० मिलीत १० मिली पाणी घालून पाहा. गढूळ होणारी बरणी बाजूला ठेवा, ती पुढच्या गाळणीत घालता येते.

व्हिस्की थंड झाल्यावर धूसर आणि गरम झाल्यावर नितळ होत असेल तर ती निर्धोक आहे. ४६ टक्क्यांवर ठेवली की बहुधा हा प्रश्नच येत नाही.

बडीशेपेच्या दारूला दुधाळ व्हायचंच असतं. तिथे काही करू नका.

भट्टीचं भांडं पाऊणपेक्षा जास्त भरलं की फेस उसळून थेट नळीत जातो आणि दारू पिवळसर-गढूळ येते. फिल्टर लावण्यापेक्षा ती परत गाळणं बरं.

गढूळपणाचा मिथेनॉलशी संबंध नाही. मिथेनॉल पूर्णपणे मिसळतं आणि दिसत नाही, त्यामुळे नितळ दारू म्हणजे सुरक्षित दारू असं समजू नका.

निळसर-हिरवट छटा दिसली तर मात्र ती तांब्याच्या क्षारांची. ती दारू पिऊ नका, टाकून द्या. भट्टी सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने घासून धुवा, नुसतं पाणी उकळून एकदा गाळा आणि मगच पुढची बॅच घाला.