जुन्या बेसबॉल कार्डांचा संग्रह कसा आखावा

माझ्या पहिल्या वर्षाच्या खरेदीत सतरा कार्डं होती. त्यात १९७२ चं एक, १९५९ ची दोन, बरीचशी १९८८-८९ ची आणि एक चक्क रीप्रिंट, जे मी जुनं समजून घेतलं होतं. न्यू जर्सीतल्या रविवारच्या बाजारात जे आवडेल ते उचलायचं, एवढीच माझी योजना. घरी आल्यावर सगळं बुटांच्या खोक्यात. याला संग्रह नाही, अडगळ म्हणतात. लहानपणी बबलगमसोबत येणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्यांना या छंदाची ओढ लगेच कळेल. फक्त इथे एक चुकीचं कार्ड शंभर डॉलरला पडू शकतं. म्हणून पाकिटाला हात घालण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

१. कुठला काळ, ते ठरवा

जुन्या कार्डांचे ढोबळ दोन कप्पे पडतात: दुसऱ्या महायुद्धाआधीची आणि नंतरची. आधीच्यांत सिगारेटच्या पाकिटांतून आलेली (१९०९ ते १९११ मधला टी२०६ हा सेट सर्वांत प्रसिद्ध) आणि च्युइंगगमसोबत आलेली, उदाहरणार्थ १९३३ ची गाउडी कंपनीची कार्डं, ज्यांत एकट्या बेब रूथची चार आहेत. 'टी२०६' हे नाव कंपनीने दिलेलं नाही. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने अमेरिकेतल्या छापील कार्डांची सूची केली, त्यातला हा क्रमांक. 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. बर्डिकने आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला.

युद्धानंतर बोमन आणि टॉप्स या दोन कंपन्यांची चढाओढ चालली. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतलं आणि पुढे १९८० पर्यंत मैदान जवळपास एकट्या टॉप्सचं होतं. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस उतरल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस इतकी कार्डं छापली गेली की आज ती किलोच्या भावात मिळतात. माझी १९८८-८९ ची सगळी त्यातली. रेघ १९८० वर मारा; त्यापुढचं कोणी फुकट दिलं तरच घ्या.

२. काय जमवायचं, ते एका वाक्यात लिहा

कोणी एका खेळाडूची सगळी कार्डं जमवतं, कोणी एका संघाची, कोणी फक्त रूकी कार्डं (खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड), तर कोणी एका वर्षाचा पूर्ण सेट. नवख्याने सेट घ्यावा असं माझं मत आहे. सेटला शेवट असतो, म्हणून हाव आवरते.

पण कुठला सेट? इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९७३ पर्यंत टॉप्स हंगामभर टप्प्याटप्प्याने कार्डं काढत असे. शेवटचा टप्पा दुकानात येईपर्यंत पोरं फुटबॉलकडे वळलेली असत, त्यामुळे मोठ्या क्रमांकांची कार्डं कमी खपत आणि आज दुर्मीळ ठरतात. १९५२ च्या सेटमध्ये ३११ ते ४०७ हे क्रमांक असे आहेत. त्यातला न विकलेला माल १९६० मध्ये तराफ्यावर लादून अटलांटिकमध्ये बुडवला, ही गोष्ट टॉप्सच्या साय बर्जर यांनीच सांगितलेली. ३११ क्रमांक म्हणजे नामांकित खेळाडू मिकी मँटल. त्याचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. या सेटच्या नादी लागू नका.

मी निवडला १९५६ चा टॉप्स. क्रमांक असलेली ३४० कार्डं आणि बिनक्रमांकाच्या दोन याद्या (सेटमधल्या कार्डांची नावं छापलेली कार्डं, जमलेल्यांवर खूण करायला). छळणारा शेवटचा टप्पा यात नाही. कार्डं आडवी, एका बाजूला खेळाडूचा चेहरा आणि मागे मैदानावरचा प्रसंग. जॅकी रॉबिन्सन (३०), रोबेर्तो क्लेमेंते (३३), सँडी कूफॅक्स (७९), विली मेज (१३०), मँटल (१३५) असे सगळे त्यात आहेत. हँक एरनच्या कार्डावर (३१) होम प्लेटकडे घसरत येणारा खेळाडू एरन नाहीच, तो मेज आहे! क्लेमेंतेचं नाव इथे 'रोबेर्तो' असं नीट छापलंय. पुढच्या वर्षापासून टॉप्सने त्याला परस्पर 'बॉब' करून टाकलं.

३. किती खराब चालेल?

बजेट खऱ्या अर्थाने इथे ठरतं. पीएसए, एसजीसी यांसारख्या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. तिला स्लॅब म्हणतात. एकाच कार्डाची ४ गुणांची आणि ८ गुणांची प्रत यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. मी माझ्यासाठी ३ ते ५ हा पट्टा ठरवला: कोपरे गोलावलेले चालतील, चेहऱ्यावरून जाणारी घडी चालणार नाही. तुमचा नियमही असाच सोपा करा. सगळी कार्डं साधारण एकाच अवस्थेतली असली की वही उघडल्यावर सेट एकसंध दिसतो.

गुणांच्या आकड्यापेक्षा कार्डाकडे बघा. चित्र मधोमध बसलेलं, रंग ताजे, पण मागे पेन्सिलीची बारीक खूण म्हणून गुण कापलेलं कार्ड स्वस्तात मिळतं. मी अशांच्या शोधातच असतो.

साध्या खेळाडूंच्या कार्डांना स्लॅब नको. तपासणीची फी बहुधा कार्डापेक्षा जास्त होते.

४. खरेदीचा क्रम

स्प्रेडशीटमध्ये ३४२ ओळी करा: क्रमांक, नाव, अवस्था, दिलेली किंमत, तारीख. मग आधी कोणाचा तरी अर्धवट सेट शोधा. शंभर-दीडशे साधी कार्डं एकगठ्ठा घेतली की प्रत्येकी बरीच स्वस्त पडतात. मोठी नावं मात्र एकेक करून, दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि मँटलसाठी पहिल्या दिवसापासून वेगळे पैसे बाजूला.

दोन ठिकाणी नवखे फसतात. क्रमांक १ वर कोणी खेळाडू नाही, अमेरिकन लीगचे अध्यक्ष विल हॅरिज आहेत. त्यामुळे ते स्वस्त असेल असं वाटतं. पण पोरं गठ्ठ्याला रबरबँड लावत आणि तो वरच्या-खालच्या कार्डांना कापत असे, म्हणून पहिलं आणि शेवटचं कार्ड चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड. याद्यांचंही तसंच: पोरांनी त्यावर इमानेइतबारे खुणा केल्या, त्यामुळे कोरी यादी महाग.

भाव ठरवताना ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, 'विकले गेलेले' हा फिल्टर लावा आणि शेवटच्या पाच-सहा व्यवहारांचा अंदाज घ्या. प्रदर्शनांत घासाघीस चालते, रोख दिलं तर जास्तच. दरवर्षी उन्हाळ्यात भरणारं 'नॅशनल' सर्वांत मोठं. तिथे यादी छापून न्या, नाहीतर माझ्यासारखं सतरा कार्डांचं होईल.

५. खरं की खोटं

दहापट भिंग घ्या. अस्सल कार्डावर चित्र ठिपक्यांचं असतं, पण नावाची अक्षरं आणि काळ्या रेघा सलग छापलेल्या असतात. अक्षरंसुद्धा ठिपक्यांची दिसली तर कोणीतरी कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलाय. माझ्या त्या रीप्रिंटवर हे उघड्या डोळ्यांनाही जवळपास दिसत होतं. मीच बघितलं नव्हतं. युद्धाआधीच्या कार्डांसाठी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च कामाची. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घालतात तशी चमक आणणारी रसायनं कागदात नंतर आली. १९१० चं म्हणून दाखवलेलं कार्ड त्या उजेडात निळसर लकाकलं, तर परत ठेवा.

कात्री लावलेली कार्डं ओळखणं जास्त कठीण. झिजलेली कड कापून कोपरा टोकदार केला जातो. १९५६ चं कार्ड २⅝ × ३¾ इंचांचं. त्याच वर्षाचं एक खात्रीचं साधं कार्ड सोबत बाळगा आणि त्यावर ठेवून मापा. कारखान्यातही एखाद्या केसाचा फरक पडे, तेव्हा संशय आला तर कडही भिंगाखाली तपासा. स्लॅबवर डोळे मिटून विश्वास नको. पीएसएने १९९१ मध्ये तपासलेलं पहिलंच कार्ड, टी२०६ मधलं होनस वॅगनरचं, ८ गुण घेऊन गेलं. ते कापलेलं होतं हे एका बड्या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये कबूल केलं. महागडं कार्ड तरीही स्लॅबमधलंच घ्या, फक्त डबीच्या आतही बघा.

६. ठेवायचं कसं

नेहमीची नऊ खणांची पानं १९५७ पासूनच्या २½ × ३½ इंची कार्डांसाठी असतात. १९५६ ची त्यांत कोंबली तर कोपरे जातात. आठ खणांची, पीव्हीसी नसलेली पानं मागवा. मोठी नावं आधी मऊ पातळ पाकिटात आणि मग टॉपलोडरमध्ये (वरून उघडं, कडक प्लॅस्टिकचं पाकीट). तळघर टाळा, तिथे ओल असते. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते. झोपायच्या खोलीतलं कपाट बरं. प्रत्येक कार्डाचा पुढून-मागून फोटो काढा आणि यादीसह घराबाहेर कुठेतरी एक प्रत ठेवा. घराच्या विम्यात संग्रहाच्या वस्तूंना बहुधा मर्यादा असते. मँटल घरात येण्याआधीच एजंटला फोन करून ती विचारा.