डेस्कटॉपवर मेल येणं थांबलं? या चुका टाळा

मेल येईनासे झाले की पुष्कळजण पहिल्या झटक्यात जे करतात तेच सगळ्यात महागात पडतं: मेलच्या प्रोग्रॅममधून (आउटलुक, थंडरबर्ड वगैरे) अकाउंट काढायचं आणि नव्याने जोडायचं. मोबाइलवर ही युक्ती बहुतेक वेळा खपून जाते, म्हणून ती हाताशी असते. डेस्कटॉपवर मात्र आपलं अकाउंट पॉप आहे की आयमॅप (सर्व्हरवरचे मेल प्रोग्रॅममध्ये आणायच्या या दोन पद्धती) हे माहीत असल्याशिवाय त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका.

पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरून संगणकावर येतात. सर्व्हरवर त्यांची प्रत राहणार की नाही, हे सेटिंगमधल्या एका टिकवर ठरतं. ती टिक नसेल तर कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार फक्त तुमच्या डिस्कवर असतो. थंडरबर्ड अकाउंट काढताना ‘मेसेजही पुसायचे का’ असं विचारतो. घाईघाईत तिथे हो म्हटलं की संपलं. आउटलुक पॉपची पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवलेली फाइल, डिस्कवर तशीच ठेवतो, एवढं बरं. पण अकाउंट पुन्हा जोडताना आपोआप होणारा सेटअप बऱ्याचदा पॉपऐवजी आयमॅप निवडतो, समोर वेगळीच फाइल उघडते, आणि ‘जुने मेल गेले कुठे’ अशी दुसरी शोधाशोध सुरू होते. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच असतात, त्यामुळे धोका कमी असतो. तरी आउटलुकमधल्या आयमॅप अकाउंटचे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर बहुधा ‘फक्त हा संगणक’ असं लिहिलेल्या फोल्डरमध्ये असतात. ते सर्व्हरवर जात नाहीत आणि अकाउंट काढलं की तेही जातात.

अगदी नव्यानेच मांडणी करायची असेल तर अकाउंट न काढता नवं प्रोफाइल (अकाउंट आणि सेटिंगचा वेगळा संच) बनवा. आउटलुक आणि थंडरबर्ड दोन्हींमध्ये ही सोय आहे, आणि जुनं प्रोफाइल जागच्या जागी राहतं. पॉप असेल तर नव्या प्रोफाइलमध्ये पहिल्यांदा मेल उतरवण्याआधीच ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ला टिक आहे ना, ते बघून घ्या. नंतर बघून उपयोग नाही.

ब्राउझर न उघडताच सेटिंग बदलणं

ही दुसरी चूक, आणि वेळ खाण्यात हिचा पहिला नंबर. प्रोग्रॅममध्ये काहीही बदलण्याआधी त्याच अकाउंटमध्ये ब्राउझरमधून लॉगिन करा आणि दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्यावरून स्वतःला एक मेल पाठवा. तो ब्राउझरमध्ये दिसला आणि प्रोग्रॅममध्ये नाही, तर दोष तुमच्या संगणकाच्या बाजूला आहे. ब्राउझरमध्येही दिसला नाही, तर प्रोग्रॅम निर्दोष आहे आणि त्याच्या सेटिंगला हात लावायचं काहीच कारण नाही. हे पाच मिनिटांचं काम टाळून लोक अख्खी दुपार पोर्ट क्रमांक बदलत बसतात.

ब्राउझरमध्येही मेल नसेल तर पहिला संशय जागेवर घ्या. जीमेलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. इनबॉक्स दोन जीबीचाच असला तरी फोटोंनी जागा भरली की मेल थांबतात. अशा वेळी मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो, म्हणून पाठवणाऱ्यालाच विचारा की त्याच्याकडे काही उलट आलंय का. परत आलेल्या मेलमध्ये ५.२.२ असा कोड असेल तर पेटी भरली आहे, ५.१.१ असेल तर तो पत्ताच सर्व्हरला सापडला नाही, आणि तेव्हा आधी पत्त्याचं स्पेलिंग तपासा. जागा रिकामी करताना ट्रॅशही रिकामा करायचा असतो, तोही मोजला जातो.

जागा आहे, तरी मेल नाहीत? मग ब्राउझरमधल्या सेटिंगमध्ये जाऊन नियम आणि फॉरवर्डिंग बघा. कधीतरी स्वतःच केलेला नियम वाजवीपेक्षा जास्त मेल उचलत असतो. पण एक गंभीर शक्यताही आहे. अकाउंटमध्ये घुसलेला भामटा अनेकदा असा नियम टाकून ठेवतो की ठरावीक मेल थेट आर्काइव्ह किंवा ‘आरएसएस फीड्स’ फोल्डरमध्ये जावेत, कारण तिथे कोणी फिरकत नाही. मग तो तुमच्या नावाने पैशांचे व्यवहार बोलत बसतो आणि उत्तरं तुम्हाला दिसतच नाहीत. अशा वेळी फक्त पासवर्ड बदलून भागत नाही, नियम तसाच चालू राहतो. पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, नियम आणि फॉरवर्डिंग पुसा, आणि रिकव्हरीसाठी दिलेला फोन व पत्ता आपलाच आहे ना ते पाहा.

स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता असेल तर आणखी एक फसवं दुखणं असतं. होस्टिंग बदललं, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर जावेत हे सांगणाऱ्या नोंदी) नव्या सर्व्हरकडे वळवले, पण प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचं नाव जुनंच राहिलं. जुना सर्व्हर अजून चालू असतो, पासवर्डही स्वीकारतो, एररचं नाव नाही. फक्त तिथे नवं काही येत नाही. मला विचाराल तर लाल अक्षरांतल्या एररपेक्षा ही शांतता जास्त वाईट, कारण दोन दिवस कोणाला शंकाच येत नाही. डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं असेल तरही मेल बंद पडतात, पण तेव्हा बहुधा वेबसाइटही बंद पडलेली असते.

बरोबर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणं

मेल ब्राउझरमध्ये आहे पण प्रोग्रॅममध्ये नाही, असं असेल तर आधी अगदी क्षुल्लक गोष्टी उरकून घ्या. ‘वर्क ऑफलाइन’ चुकून दाबलं गेलंय का? यादीवर ‘फक्त न वाचलेले’ असा फिल्टर आहे का? क्रम उलटा होऊन नवे मेल तळाला गेलेत का? आउटलुकमध्ये ‘फोकस्ड’च्या शेजारचा ‘अदर’ टॅब उघडून पाहिला का? प्रोग्रॅमचा जंक फोल्डर? हसू नका, यातच पुष्कळ तक्रारी मिटतात.

यातलं काहीच नसेल आणि प्रोग्रॅम सारखा पासवर्ड मागत असेल, तर थांबा. तुमचा पासवर्ड बरोबर असूनही तो नाकारला जात असेल. नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं मोठ्या कंपन्यांनी बंद केलं आहे. गूगलने वैयक्तिक जीमेलसाठी ही सोय ३० मे २०२२ पासून काढली, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. त्यानंतर तोच पासवर्ड दहा वेळा टाकलात तरी उत्तर बदलत नाही, उलट खातं काही काळ लॉक होऊ शकतं.

थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंगमधली ‘ऑथेंटिकेशन मेथड’ ‘ओऑथ२’ करा. मग कंपनीची लॉगिनची खिडकी उघडते आणि एकदा परवानगी दिली की काम होतं. ती खिडकी उघडून नुसतीच अडून बसली तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केलेल्या आहेत का ते पाहा. प्रोग्रॅम इतका जुना असेल की ही पद्धतच त्याला माहीत नाही, तर जीमेलसाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घेता येतो. आउटलुक डॉट कॉमसाठी ही पळवाट उरलेली नाही. तिथे प्रोग्रॅमच बदलावा लागतो.

इथे एक चुकीचा तर्क हमखास ऐकू येतो: ‘मेल जातोय, म्हणजे लॉगिन ठीक आहे.’ जाणारे मेल एसएमटीपीने जातात, येणारे आयमॅप किंवा पॉपने येतात. दोन्हींची सेटिंग वेगळी, पासवर्डही वेगळे साठवलेले. एक चालू आणि दुसरं बंद असू शकतं.

चालू व्हावं म्हणून सुरक्षा काढणं

‘एसएसएल काढून बघा’, ‘फायरवॉल बंद करा’, ‘सर्टिफिकेटचा इशारा आला की हो म्हणा’ असे सल्ले फुकट मिळतात. एसएसएल म्हणजे एन्क्रिप्शन, मजकूर सांकेतिक करून पाठवणं. ते काढलं तर पासवर्ड वाटेत उघडा पडू शकतो. आयमॅपसाठी ९९३ आणि पॉपसाठी ९९५ हे एन्क्रिप्शनचे पोर्ट आहेत. जुन्या सेटिंगमध्ये १४३ किंवा ११० दिसला तर निदान ‘स्टार्टटीएलएस’ (त्याच पोर्टवर एन्क्रिप्शन सुरू करणारा पर्याय) निवडलेलं आहे ना, ते पाहा. सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या ओळखपत्राचा) इशारा आला तर आधी संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही अवैध दिसतं. अँटिव्हायरसवर संशय असेल तर त्यातली फक्त मेल तपासणी काही मिनिटांपुरती थांबवा. तेवढ्यात मेल आले तर कारण सापडलं; पूर्ण अँटिव्हायरस बंद ठेवायची गरज नाही.

पॉपची दोन खास दुखणी

घरात आणि ऑफिसात दोन संगणकांवर पॉप लावलंय आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नाही? मग जो आधी उघडतो तो मेल घेऊन जातो. दुसऱ्यावर मेल अधूनमधून येतात, अधूनमधून नाहीत, आणि त्यात काहीच ताळमेळ दिसत नाही. अशी लहरी तक्रार ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारावा. एकापेक्षा जास्त उपकरणं असतील तर सरळ आयमॅपवर जा, मात्र आधी पॉपच्या जुन्या मेलची प्रत काढून.

दुसरं दुखणं अडकलेल्या मेलचं. कोणीतरी भलीमोठी फाइल पाठवतो, ती उतरता उतरता वेळेची मर्यादा संपते, जोडणी तुटते, आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. खूण अशी की तेच ते जुने मेल दोनदा-तीनदा येतात आणि त्यापुढचे येतच नाहीत. ब्राउझरमधून तो मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. पॉपला साधारणपणे इनबॉक्सच दिसतो, त्यामुळे वाट मोकळी होते. आउटलुकमध्ये सर्व्हर टाइमआउट एका मिनिटावरून दहा मिनिटांपर्यंत वाढवता येतो, पण मेल हलवणं जास्त खात्रीचं.

फाइल भरलेली असताना प्रोग्रॅमला दोष देणं

आउटलुकच्या पीएसटी फाइलला आकाराची मर्यादा असते: २००२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत २ जीबी, २००३ आणि २००७ मध्ये मुळात २० जीबी, २०१० पासून ५० जीबी. मर्यादा गाठली की नवे मेल आत जात नाहीत. जुनी वर्षं वेगळ्या फाइलमध्ये हलवा. फाइल बिघडल्याची शंका असेल तर आउटलुकसोबत येणारा ‘स्कॅनपीएसटी’ वापरा, पण आउटलुक बंद करून आणि फाइलची प्रत काढून मगच, कारण दुरुस्तीत न बसणारे तुकडे तो टाकून देतो.

थंडरबर्डमध्ये मेल आलेले असूनही यादीत दिसत नसतील तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे. त्याने यादीची अनुक्रमणिका नव्याने बनते. आणि अख्खा इनबॉक्सच एकाएकी रिकामा झाला तर अँटिव्हायरसचा क्वारंटाइन (संशयित फाइल अडकवून ठेवायची जागा) उघडून पाहा. थंडरबर्ड मूळ सेटिंगमध्ये एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतो, आणि त्यातल्या एका मेलला जोडलेली विषारी फाइल सापडली की काही अँटिव्हायरस ती सबंध फाइल उचलून नेतात. फाइल परत आणा, तो एक मेल पुसा, इनबॉक्स ‘कॉम्पॅक्ट’ करा (पुसलेला मेल फाइलमधूनही जावा म्हणून), आणि थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर अँटिव्हायरसच्या थेट तपासणीतून वगळा.